दोन तोंडांची बाटली

आत्याच्या पत्र्याच्या पेटीत काय आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण त्यातलं काही कधी कामाला येईल असं कुणाला वाटत नव्हतं. डोळे धुवायचा निळ्या काचेचा पेला, तळाशी एरंडेल गोठलेली शिशी, दंतमंजनाचा गोल डबा आणि दगडासारखी कडक झालेली कार्बोलिक साबणाची वडी. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आमची आजी गिरणीत कामाला जायची, तेव्हा हे सगळं घरात आलेलं. आजी गेल्यावर पेटी आत्याकडं राहिली. साबणाला अजून वास येतो म्हणत ती तो मला हुंगायला लावायची. मला तरी कधी आला नाही.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, बाळंतपणासाठी सोलापूरला आमच्याकडं आली. दिवस भरायच्या आधीच तिला मुलगी झाली. बाळ इतकं अशक्त की त्याला अंगावरचं दूध ओढता येईना. दोन घोट घेतले की दमून झोपायचं. दवाखान्यातून सोडताना नर्सबाईंनी बजावलं होतं, पुढच्या वेळेला वजन वाढलेलं दिसलं नाही तर बाळाला परत भरती करावं लागेल.

अक्का दूध वाटीत काढून द्यायची. बोंडल्यानं पाजलं की बाळाला ठसका लागायचा. बाजारातली उभी बाटली आणली, तर ती ओढायला बाळाच्या अंगात जोर नव्हता. अक्का भिंतीकडं तोंड करून पडायची.

मग एका दुपारी आत्यानं पेटीच्या तळातून लेकरांना दूध पाजायची एक जुनी बाटली काढली. होडीसारखी आडवी, जाड काचेची, दोन्ही टोकांना तोंड असलेली.

"तुजा बाप ह्येच्यावरच वाडलाय," ती म्हणाली. "आई गिरणीत जायची, मी त्येला मांडीवर घिऊन पाजायची. मीच केवढीशी होते तवा."

"म्हणूनच ते असे," आई चुलीपाशी म्हणाली. अक्का पहिल्यांदाच हसली.

बाटलीची रबरं विरघळून चिकट झाली होती. पुढच्या तोंडाला दूध ओढायचं बोंड, मागच्याला बारीक भोकाची टोपी. त्या भोकातून हवा आत जायची, म्हणून लेकराला जोर लावावा लागायचा नाही, असं आत्यानं सांगितलं. मी बाटली पिशवीत घालून निघाले. नव्या पेठेतला पहिला दुकानदार म्हणाला, "ही आता कुणी वापरत नाही, बाई." दुसऱ्यानं तर ती गंमत म्हणून गिऱ्हाइकांना दाखवली. मला दुकानात बोलायला नेहमीच संकोच वाटतो, पण त्या दिवशी मी प्रत्येक ठिकाणी बोंड बसवून बघायला लावलं. शेवटी पुढच्या तोंडाला बसेल असं एक मिळालं. मागच्या टोपीसाठी मंगळवार पेठेपर्यंत फिरले, पण ती कुठंच नव्हती.

घरी येऊन बाटली उकळली. मागचं तोंड उघडं ठेवलं तर दूध भसकन आलं आणि बाळ गुदमरलं. आईनं त्याला पालथं घेऊन पाठ चोळली. मग मी मागं कापडाचा बोळा घट्ट बसवला, तर बाळ नुसतं चोखून दमलं, दूध येईचना.

"ठिव ती आता," आई म्हणाली. "जीव घेशील लेकराचा."

मी बाटली ठेवली नाही. मोरीवर नेऊन तिच्यात पाणी भरलं. मागच्या तोंडावर अंगठा दाबला की धार थांबायची, अंगठा सैल केला की सुरू व्हायची. हे मी कुठंतरी केलेलं होतं. प्रयोगशाळेत पिपेट नावाची काचेची नळी असते. द्रावण तोंडानं वर ओढायचं, वरच्या टोकावर बोट ठेवायचं आणि बोट किंचित सैल करत थेंब थेंब सोडायचं. मला ते नीट जमत नव्हतं. माझं द्रावण खुणेच्या खाली जायचं आणि सर म्हणायचे, "तुम्ही नळ सोडता आहात."

मी मोरीवर बसून सराव करत राहिले. अंगठा फार ओला असला की घसरायचा, कोरडा असला की एकदम सुटायचा. पदराला पुसून पुन्हा, पुन्हा.

आत्या दारात येऊन उभी राहिली. "कालिजात ह्येच शिकिवत्यात व्हय?"

"हेच. पण तिथं नळी तोंडानं ओढायला लावतात."

"मंग ह्या बाळालाच घाल की कालिजात. तुज्यापेक्षा बरं ओढंल."

थेंब माझ्या मनासारखे पडायला लागले तेव्हाच मी बाळाला मांडीवर घेतलं. आई समोर बसली, हात पुढं करूनच. बाळानं ओढलं की मी अंगठा जरा सैल करायची, त्यानं गिळलं की दाबायची. ठसका लागला नाही. वाटीतलं निम्मं दूध संपलं. अक्का कुशीवर वळून बघत होती.

त्यानंतर मी कॉलेजला जायच्या आधी आणि आल्यावर पाजायची. मधल्या वेळेसाठी आत्याला शिकवायला बसले. पुढं तीही गिरणीत गेली होती, सूत जोडून अंगठ्याला घट्टे पडलेले, त्याला ओलं-कोरडं कळेना. "माजं कातडं आता तुज्या शास्त्राला ऐकत न्हाई," म्हणून तिनं बाटली अक्काच्या हातात दिली. अक्का घाबरत होती. मी माझा अंगठा तिच्या अंगठ्यावर ठेवून सोबत दाबला, सोबत सोडला. तिला माझ्यापेक्षा लवकर जमलं.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी सकाळी मी बाळाला पाजत होते. घाईत अंगठा सैल करायचा राहिला. तरी बाळ जोरानं ओढत होतं. रबराचं बोंड आत चपटं झालं, दूध यायचं थांबलं, आणि बाळानं तोंड सोडून असा टाहो फोडला की शेजारच्या खोलीतल्या बाई डोकावल्या. इतका मोठा आवाज त्याला आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

अक्का उठून बसली. "आण इकडं," ती म्हणाली आणि बाळाला पदराखाली घेतलं. या वेळी ते दोन घोटांवर थांबलं नाही.

मी बाटली उपडी करून वाळत ठेवली. वजन उद्या होणार होतं. आईनं मात्र दवाखान्यात राहायला लागलं तर म्हणून बांधून ठेवलेलं गाठोडं सोडलं आणि बाळाचे लंगोट परत दोरीवर टाकले.