द्राक्षांच्या कंपनीतली मुलगी

विंचूरच्या वाईन कारखान्यात, प्रयोगशाळेत मला नोकरी लागली, तेव्हा राहायचं कुठे हे मी कधीच ठरवून टाकलं होतं. कॉलेज रोड. एम.एस्सी.ची दोन वर्षं मी तिथल्याच हॉस्टेलमध्ये काढली होती. संध्याकाळी सहानंतर तो रस्ता अंगावर नवे कपडे घातल्यासारखा वाटायचा. आता आपण कमावणार, मग त्या रस्त्यावर आपलीही एक खिडकी असावी, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती.

पण कंपनीची जीप सकाळी पावणेसातला औरंगाबाद नाक्यावरून सुटायची आणि कुणासाठी थांबायची नाही. कॉलेज रोडहून नाका म्हणजे अख्खं गाव ओलांडून नदीपलीकडे.

खोली शोधायला वडील सटाण्याजवळच्या आमच्या गावाहून आले. ते प्राथमिक शिक्षक. शाळेत शुद्ध बोलायचे, माझ्याशी मात्र अहिराणीतच. कुठल्याही घरात शिरले की आधी मोरीत जायचे, नळ सोडून बघायचे आणि विचारायचे, "आठे पानी कितला टाईम येस?" माझं लक्ष खिडकीतून काय दिसतं याकडे. दोन दिवस आम्ही असे फिरलो. कॉलेज रोडवर एकट्या मुलीला कुणी खोली देईना, आणि जो द्यायला तयार होता त्याचं भाडं ऐकून वडील बाहेर येऊन नुसतेच हसले.

इंदिरानगरला एक घर जवळजवळ ठरलंच होतं. घरमालक बँकेतून निवृत्त झालेले. चहा आला, बिस्किटं आली. मग त्यांनी विचारलं, "कंपनी कसली?"

"वाईनची," मी म्हणाले. मला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नव्हतं. पेपरात तर रोज त्या वाईन पार्कबद्दल छापून यायचं.

ते माझ्याशी बोलायचे थांबले. वडिलांकडे वळून म्हणाले, "म्हणजे दारूच्या कारखान्यात? मुलीला?" वडिलांनी अर्धा कप चहा तसाच ठेवला.

बसस्टॉपवर आम्ही बराच वेळ उभे होतो. वडील रागावले नव्हते, ओशाळले होते, आणि ते मला जास्त लागलं. संध्याकाळी पंचवटीत दुसरं घर बघायला गेलो, तिथे तोच प्रश्न आला तेव्हा मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "द्राक्षांची कंपनी आहे. प्रक्रिया करतात." हे वाक्य खरं तर आईचं होतं. गावात, नातेवाइकांत ती हेच सांगायची. मालकीणबाई खूश झाल्या. "अगंबाई, म्हणजे रसबिस काढतात होय?" वडिलांनी मान हलवली. मग नळ सोडून पाहिला. पाण्याला जोर होता. घर ठरलं.

ते तीन मजली सिमेंटचं घर होतं. घरमालक काकांचं पूजासाहित्याचं दुकान देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. खाली काका, काकू आणि त्यांची मुलगी राहायची, मधल्या मजल्यावर दुसरं एक बिऱ्हाड, वरती माझी खोली. नाका चालत पंधरा मिनिटांवर. सगळं सोयीचं होतं, आणि मला तिथे चैन पडत नव्हतं. उदबत्तीचा वास, गल्लीत अडकलेल्या रिक्षांचे हॉर्न, भाविकांच्या गाड्या. पण खरं कारण हे नव्हतं. काकू जिन्यात भेटल्या की "काय गं, आज किती द्राक्षं आली?" असं विचारायच्या आणि मी काहीतरी आकडा सांगून भरभर वर निघायचे. रविवार आला की मी घराबाहेर पडायचे. गंगापूर रोड, महात्मानगर, पार पाथर्डी फाट्यापर्यंत जायचे आणि फाटकांवरच्या 'भाड्याने देणे आहे'च्या पाट्या वाचत हिंडायचे. काही ठिकाणी तर वर जाऊन खोलीही बघून यायचे. घ्यायची नसली तरी.

जानेवारीत हंगाम सुरू झाला. ट्रॅक्टर भरभरून द्राक्षं यायला लागली. मी दिवसभर टाक्यांमधला रस तपासायचे, साखर किती उतरली, आंबणं कुठवर आलं. कपड्यांना, केसांना एक आंबूस गोड वास चिकटून राहायचा. काकूंनी एकदा दोरीवरचा माझा कुर्ता हुंगलाच. "हा कसला गं वास? इडलीचं पीठ उतू गेल्यासारखा?"

"रस सांडतो अंगावर," मी म्हणाले.

"मग आण की एकदा थोडा. उपासाला चालेल आम्हाला."

त्या सहज म्हणाल्या असतील. मी मात्र ते मनावर घेतलं. हंगामातल्या एका एकादशीला मी साहेबांना विचारून नुकत्याच पिळलेल्या द्राक्षांचा रस स्टीलच्या बरणीत घेऊन आले. अजून त्यात काहीही घातलेलं नव्हतं, आंबायला सुरुवातही झाली नव्हती. निव्वळ रस. जीपमध्ये ती बरणी मी मांडीवर घट्ट धरून बसले होते. या घराला आपण पहिल्यांदाच काहीतरी खरं देतोय, असं वाटत होतं.

काकूंनी तो वाटीत काढून देवापुढे ठेवला. मग काकांना दिला, मधल्या मजल्यावर दिला. काका जिन्याखालून ओरडून म्हणाले, "अमृत आहे हो पोरी!" मी वर खोलीत उभी होते. आनंद झाला, आणि त्याच वेळी पळून जावंसं वाटलं.

"आजच्या आज संपवा," असं मी सांगितलं होतं. काकूंनी थोडा मुलीसाठी झाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच्यावर फेस आला होता. "आंबला गं," त्या हळहळल्या आणि त्यांनी तो मोरीत ओतला. मी शेजारीच उभी होते. आंबणं हेच माझं काम आहे, हे त्या क्षणी सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

त्यांची मुलगी त्या वर्षी बी.एस्सी. झाली. केमिस्ट्री. शांत होती, पण डोळे सगळं टिपणारे. निकालानंतर काकू एकदा वर आल्या, पलंगाच्या कडेला बसल्या. "तुझ्या कंपनीत हिच्यासाठी बघ ना. तू आहेस म्हटल्यावर हे नाही म्हणणार नाहीत. नाहीतर पुढच्या वर्षी स्थळं बघायची म्हणतायत."

"विचारते," मी म्हणाले.

खरं म्हणजे आमच्याकडे एक जागा रिकामी होतीही. पण ती मुलगी तिथे आली तर पहिल्याच दिवशी तिला टाक्या दिसणार, बाटल्या दिसणार. आणि काका? ज्यांना मी वर्षभर रोज सकाळी नमस्कार करत होते ते काका मला काय म्हणतील? मी आठवडाभर विचारलं नाही. दुसरा आठवडाही तसाच गेला.

एका संध्याकाळी गच्चीवर कपडे काढताना ती मुलगी शेजारी येऊन उभी राहिली. चादरीचं एक टोक तिनं धरलं, एक मी. घडी घालता घालता तिनं विचारलं, "ताई, विंचूरला वाईन करतात ना? तुमच्या कंपनीतही?"

इतकं सरळ मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. ती विचारत होती, आरोप करत नव्हती. मी म्हणाले, "काही कंपन्या करतात. आमच्याकडे रसच जास्त."

"बरं," ती म्हणाली. माझ्या हातातली चादर घेऊन तिनं शेवटची घडी घातली आणि खाली निघून गेली. तिला कळलं होतं, आणि मी खोटं बोलले हेही कळलं होतं.

वीस दिवसांत मी ती खोली सोडली. मैत्रिणींबरोबर राहायला जातेय, असं सांगितलं. या वेळी वडिलांना बोलावलं नाही, फोनवर कळवलं फक्त. काकूंनी हातावर दही घातलं. मुलगी घरात नव्हती, का होती आणि बाहेर आली नाही, मला माहीत नाही.

शेवटी मी कॉलेज रोडला पोचले. दोन मुलींबरोबर फ्लॅट. एक बँकेत, दुसरी खासगी क्लासमध्ये शिकवणारी. मला हवी ती खिडकी मिळाली, खालून रहदारी, समोर आइस्क्रीमचं दुकान. मी काय करते हे त्या दोघींना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. त्यांना त्यात काहीच विशेष वाटलं नाही. एकीनं विचारलं, "फुकट मिळते का?" एवढंच. मला मोकळं वाटायला हवं होतं. पण महिनाभरात मी तिथेही पाट्या वाचत हिंडायला लागले. मग घराचं काहीच चुकत नव्हतं तर.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी जीपमधून उतरून मी पंचवटीच्या भाजीबाजारात शिरले. मेथीची जुडी घ्यायला वाकले आणि शेजारी काकू. त्यांनी मला आधी पाहिलं होतं.

"नोकरी लावायची नव्हती तर तसं सांगायचं होतंस," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "घर कशाला सोडायचं? आम्ही काय मागे लागणार होतो?"

म्हणजे त्यांना असं वाटलं होतं. त्यांच्या मुलीसाठी एक शब्द टाकायला लागू नये म्हणून मी गेले! मुलीनं त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. भाजीवाली जुडी पुढे करून उभी होती. मी तिथेच, त्या गर्दीत, सगळं सांगितलं. वाईनचा कारखाना आहे. पहिल्यापासून तोच होता. तुम्ही खोली देणार नाही असं वाटलं म्हणून बोललो नाही.

काकूंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तो रस," त्या म्हणाल्या, "देवापुढे ठेवला मी."

"तो रसच होता काकू. शप्पथ. त्यात काही नव्हतं."

"आता तुझं कुठलं खरं मानू?" असं म्हणून त्या टोमॅटोच्या गाड्याकडे वळल्या. थोडं पुढे जाऊन थांबल्या, मागे वळून म्हणाल्या, "तेव्हा सांगितलं असतंस तर हे नाहीच म्हणाले असते. पण मी भांडले असते त्यांच्याशी." मग गेल्या.

मेथी मी घेतलीच नाही.

त्या हिवाळ्यात पुन्हा हंगाम सुरू झाला. पहाटे स्कूटीवरून नदीवरचा होळकर पूल ओलांडताना बोटं हँडलला चिकटून गारठायची. दोनदा जीप चुकली, साहेबांची बोलणी खाल्ली. तेव्हा मी नाक्याजवळ पुन्हा घरं बघायला सुरुवात केली. एकटीच. या वेळी कुणी विचारायच्या आधीच मी सांगायचे, "मी वाईनच्या कारखान्यात काम करते, प्रयोगशाळेत." पहिल्या घरी, "आमच्याकडे सासूबाई असतात हो," म्हणून नकार. दुसऱ्या घरी नकाराचं कारणही दिलं नाही. तिसऱ्या घरच्या मालकानं इतक्या उत्साहानं विचारपूस केली की मीच तिथून निघाले. प्रत्येक वेळी कान तापायचे. पण जिना उतरताना पाय हलके असायचे, हे मला आठवतं.

हिरावाडीत एक नर्सबाई भेटल्या. नवरा परगावी नोकरीला, दोन लहान मुली. माझं वाक्य त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला त्यात कळत नाही. पाणी सकाळी सहाला येतं, तेव्हा तू घरात असशील का? मोटर लावावी लागते." मी असेन म्हणाले. खोली लहान होती, खिडकी भिंतीकडे उघडायची. घेतली.

पुढे वर्षभरानं निमाणी स्टँडवर मला ती मुलगी भेटली. गळ्यात ओळखपत्र होतं. सातपूरच्या एका औषध कंपनीत, प्रयोगशाळेत लागली होती. जाहिरात बघून स्वतःच अर्ज केला, म्हणाली. काका हो म्हणाले? मी विचारलं. "आधी नाही म्हणाले. मग आईनं चार दिवस अबोला धरला." ती हसली. मीही हसले, पण माझं हसू पुरतं उमटेना. मी माफी मागायला सुरुवात केली, तर तिनं मध्येच थांबवलं.

"गच्चीवर तुम्ही हो म्हणाला असता ना, तरी मी आईला सांगितलं नसतं," ती म्हणाली. "मला फक्त कुणाशी तरी बोलायचं होतं. मलाही तसलंच काम करायचं होतं."

तिची बस लागली. घाईत तिनं हात केला आणि चढली. गर्दीत ती कुठे बसली ते मला दिसलं नाही. बस वळणावरून जाईपर्यंत मी उभी होते.

हिरावाडीत मी चार वर्षं राहिले. सकाळी सहाला मोटर लावायची, पावणेसातला नाक्यावर. रविवारी हिंडायची सवय लगेच गेली नाही. पाटी दिसली की पाय थबकायचेच. वर जाऊन खोली बघणं मात्र एका उन्हाळ्यात आपोआप थांबलं. कधी, ते माझ्याही लक्षात आलं नाही.