तान्ह्या पोळ्याला कोणी आलं नाही

स्टेशन जवळ पडतं म्हणून मी रायपूरच्या गुढियारी भागात खोली घेतली. शनिवारची गाडी पकडून वर्ध्याला घरी पळता यावं, एवढाच विचार. इथल्या ऑफिसात रुजू झाल्यापासून माझं पोट बिघडलं होतं. जेवण जाईना, सकाळी उठवेना. डॉक्टरच्या गोळ्या झाल्या, ओवा झाला. "इथलं पाणीच मले मानवत नाही," असं सगळ्यांना सांगत सुटले होते. आई फोनवर म्हणे, "काहून जीव जाळून राहिली? सोड ती नोकरी अन् ये घरी." शेवटी मी हो म्हटलं. सोमवारी राजीनामा द्यायचं ठरलं.

त्याच आठवड्यात पोळा आला. इथं त्याला पोरा म्हणतात. खाली राहणाऱ्या घरमालकीणबाईंनी मातीच्या बैलांची पूजा केली अन् मला ताटभर ठेठरी-खुरमी, म्हणजे इथला सणाचा तिखट-गोड फराळ, आणून दिला. मी हरखलेच. पोळा आहे म्हणजे दुसऱ्या दिवशी तान्हा पोळाही असणारच! आमच्याकडं त्या दिवशी लेकरं लाकडी बैल सजवून दारोदार फिरतात, अन् त्यांना बोजारा द्यावा लागतो, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे. मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली, टोपलीभर चॉकलेटं आणली अन् आरतीचं ताट घेऊन दारात बसले.

संध्याकाळ झाली तरी एक पोट्टं फिरकलं नाही. मालकीणबाई वर आल्या. "काकर रद्दा देखत हस, नोनी? पोरा तो काली होगे." कोणाची वाट पाहतेस पोरी, पोरा तर काल झाला! इथं तान्हा पोळा नसतोच.

मी ढसाढसा रडले. अन् रडता रडताच कळलं, पोटाला काही झालेलं नव्हतं, पाण्यालाही नाही. मले घरची आठवण येऊन राहिली होती, बस. स्वतःचाच असा राग आला म्हणून सांगू! एवढी शिकलेली बाई अन् आठवणीवर गोळ्या खाऊन राहिली! ही नोकरी मी रगडून अभ्यास करून मिळवली होती. ती अशी सोडायची? हट्!

डोळे पुसले. मालकीणबाईंचा मातीचा बैल मागून घेतला, त्याला दोरी बांधली अन् निघाले पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, घरोघर. लाज वाटत होती, पण म्हटलं, वाटू दे. पहिल्याच दारातल्या बाई तोंडाला पदर लावून हसल्या. "दीदी, हमारे इधर ऐसाच होता है. बोजारा दो!" मी दटावून सांगितलं. "हव, हव," म्हणत त्यांनी ओंजळभर खुरमी दिली. पुढच्या घरात चहा मिळाला, बसायला खुर्ची मिळाली. आठवण काही गेली नाही. पण त्या रात्री मी पोटभर जेवले.

मग आईला फोन लावला.

"सामान बांधलं काय?"

"नाही. आई, मले तुमच्याबिगर करमत नाही. लय रडू येते."

"मंग ये ना, बाप्पा!"

"नाही येत. करमत नाही, एवढंच सांगायचं होतं तुले."

 आई नाक ओढत म्हणाली, "मलेही नाही करमत, पोरी. पण राह्य तू तिथंच."