गोळ्यांची सावड

महाळुंगे पडवळला श्रेया डॉक्टरीणबाई जीपमधून उतरल्या आणि समोर गावच्या बागायतदारीण कुशाबाई आल्या, तेव्हा म्हणे देवळावरची कबुतरं उडाली, दोन कुत्री बैलगाडीखाली दडली आणि जीपचं इंजिन आपणहून बंद पडलं. कुशाबाईंनी फक्त "कोन गं तू?" एवढंच विचारलं होतं.

साल २००४. बाई पुण्याहून सांधेदुखीच्या नव्या गोळीची चाचणी घ्यायला आल्या होत्या. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली. कुणाला कोणती, ते खुद्द बाईंनाही ठाऊक नाही. हे त्यांनी पारावर नीट समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुशाबाईंची सर्वांत जोरात डोलली, कारण त्यांचं दुखणं गुडघ्यात होतं.

महिन्याभरात कुशाबाई ताडताड चालू लागल्या आणि घरातल्या सुना लपायला जागा शोधू लागल्या. पण त्यांच्याच रानात टोमॅटो तोडणाऱ्या सखूबाईची बोटं गोळ्या घेऊनही काही मिटेनात. बोटं मिटली नाहीत तर तोडणी नाही, आणि तोडणी नाही तर चूल नाही.

"आक्का, माज्या डबीत नुसता खडू हाय," सखूबाई म्हणाली.

कुशाबाई गप्प झाल्या. त्यांच्या घरात त्यांचं गप्प बसणं आजारपणच धरलं जाई. मग त्यांना सावड आठवली. आज तुझे बैल माझ्या रानात, उद्या माझे तुझ्या. हा व्यवहार जमीनवाल्यांचा, आपापसातला. ना रान ना बैल अशा सखूबाईशी सावड करायचं उभ्या गावात कुणाला सुचलं नव्हतं.

"एक आठवडा माजी डबी तुला, एक आठवडा तुजी मला. बोलायचं न्हाई कुटं."

न बोलणं कुशाबाईंना किती जमणार! पुढच्या तपासणीला दोघीही निम्म्या बऱ्या निघाल्या. बाई चक्रावल्या, तेव्हा कुशाबाईंनीच अभिमानानं सांगून टाकलं.

"अहो आजी, सगळी चाचणी बिघडली! कुणाला तरी रिकामी गोळी मिळाल्याशिवाय औषधाचा गुण कळणार कसा?"

"मग ती मला द्या की! मी बसून खाईन. ही काय खाईल?"

"ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं असतं. चिठ्ठी कुणाची गरज बघत नाही."

"तुमी तर बघताय ना, बाई?"

बाई स्टेथोस्कोपची नळी बोटाला गुंडाळू लागल्या. "बघतेय," त्या म्हणाल्या. पण नियम नियम होता. दोघींची नावं चाचणीतून कमी झाली, डब्या परत गेल्या.

"आक्का, निम्मी बोटं मिटत व्हती, ती बी गेली आता," सखूबाई म्हणाली.

दोन वर्षांनी गोळी बाजारात आली. पण महाग म्हणून जवळच्या नारायणगावच्या दुकानांत ती कुणी ठेवत नव्हतं. तोवर सखूबाईची तोडणी सुटली होती, आणि कुशाबाईंनी तिच्या जागी दुसरी बाई लावली होती.