जनाभाऊची ढोरं आणि मी

माणूस जिवंत असतो तोवर त्याचे किस्से जमत नाहीत, कारण तो समोर बसून "असं काई नाई झालं" म्हणतो. माझा मोठा भाऊ जनाभाऊ गेला आणि महिन्याभरात आमच्या ओट्यावर इतके किस्से येऊन पडले की बसायला जागा उरली नाही. जो भेटायला येतो तो चहा पितो, डोळे पुसतो आणि एक किस्सा ठेवून जातो. त्यातले निम्मे खोटे आहेत. म्हणून खरे तेवढे मी सांगतो.

जनाभाऊ आमच्या गावाचा गायकी. म्हणजे गावातली सगळी ढोरं सकाळी गावाच्या कडेच्या मोकळ्या आखरावर गोळा करायची, जंगलात चारायची आणि दिवस बुडायच्या आत परत आणायची. गाव मोहर्लीच्या अंगाला, त्यामुळे जंगल वाघाचं. दुपारी ढोरं बसली की भाऊ शिवणीच्या लाकडाचा ठोकळा काढायचा आणि पटाशीने कोरून ढोरांच्या गळ्यातल्या घंटा बनवायचा. एकीचा आवाज दुसरीसारखा नाही. झाडाखाली डोळे मिटून पडल्या पडल्या सांगायचा, "लहान्या, सरपंचाची काळी नाल्यात उतरली. वळव तिले." मी जाऊन पाहायचो तर काळी नाल्यातच!

एकदा घरी मी चिडून म्हटलं, "भाऊ, ढोराची घंटा ओळखतेस, अन् वहिनी केव्हाची आवाज देऊन राह्यली तं तुले ऐकू येत नाई?"

"ऐकू येते ना," भाऊ म्हणाला. "म्हणून तं डोळे मिटले!"

•

वहिनीला पाहायला आम्ही मूलजवळच्या एका गावी गेलो होतो. पोरगी चहा घेऊन आली आणि भाऊ उठून अंगणात गेला. तिथे तिच्या बापाची बैलजोडी बांधली होती. पंधरा मिनिटांनी परत आला तेव्हा दोन्ही हात शेणाने भरलेले.

बापाने विचारलं, "पोरगी पसंत हाये काय?"

भाऊ म्हणाला, "डाव्या बैलाच्या खुरात काटा होता. काढला."

मग आतून पोरीचाच आवाज आला, "बाबा, हो म्हणून टाका. नाई तं हा बैल पाहायले पुन्हा येईन."

•

नवीन वनरक्षक आला होता. एक दिवस त्याने भावाला अडवलं. म्हणाला, "तुमच्या घंटांनं वाघ डिस्टर्ब होते. लोकं दुरून दुरून येतात, त्याह्यले वाघ दिसत नाई. काढा त्या घंटा."

"काढतो," भाऊ म्हणाला. "मंग त्याह्यले वाघ नक्की दिसन. माह्या गायीवर बसलेला!"

वनरक्षक हसला आणि तंबाखू मागितली. तेव्हापासून दोघांची दोस्ती.

•

एका रिसॉर्टच्या मॅनेजरने खोल्यांच्या दाराला लावायला बारा घंटा सांगितल्या. भाऊने आठ दिवसांत बनवल्या आणि महिनाभर ढोरांच्या गळ्यात बांधून ठेवल्या. का, तर घाम आणि दव प्यायल्याशिवाय लाकडाचा आवाज खुलत नाही, असं त्याचं म्हणणं. मॅनेजरचे रोज फोन. शेवटी पोत्यात घालून नेऊन दिल्या.

मॅनेजरने एक उचलली, वास घेतला आणि लांब धरली. "अरे, याला तर शेण लागलंय!"

"अस्सल हाये, साहेब," भाऊ म्हणाला. "पॉलिश नाई."

•

आता पुढचा किस्सा माझा आहे आणि त्यात मी चांगला दिसत नाही.

वाघाच्या जंगलात वीस वर्षं फिरलेला माणूस तापाने गेला. धानकापणीचे दिवस होते. थंडी वाजते म्हणून चादर घेऊन निजला आणि चौथ्या दिवशी आम्ही त्याला जाळून घरी आलो. बस, एवढंच. पण भेटायला येणारा प्रत्येक जण हळूच विचारायचा, "वाघ होता काय?" मी म्हणायचो, "नाई, ताप." की त्याचा चेहरा उतरायचा! जसं काही आम्ही त्याला बोलावून जेवायला वाढलंच नाही.

भद्रावतीहून आलेल्या एका दूरच्या पाहुण्याने तर तीनदा विचारलं. माझं डोकं फिरलं. "हो, वाघच होता!" मी ओरडलो. "हा एवढा! मानेले धरून नेलं माह्या भावाले!"

पाहुण्याचं समाधान झालं. चहाही दोन कप प्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात जीप. भावाचा तोच दोस्त वनरक्षक, सुट्टीवरून कालच परतलेला, कागद घेऊन पंचनाम्याला हजर!

"लाश कुठी हाये?"

"जाळली."

"वाघानं नेली ते तुमी कशी जाळली?"

मी म्हणालो, "साहेब, नेलं तं नेलंच ना. कोणी नेलं ते तुमाले जे वाटते ते लिहा."

त्याने पेनाला टोपण लावलं. ओट्यावर बसला, तंबाखू मळली, पण खाल्ली नाही. तशीच टाकून गेला.

दाराआड वहिनी उभी होती. तिने सगळं ऐकलं. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, समोर ठेवायची, जायची. भावाच्या मरणाचा मी तमाशा केला, असं तिला वाटलं असेल. खोटं कुठे होतं?

•

तेरवीनंतर गावातली मोठी माणसं बसली. गायकी आमच्या घरी ठेवायची की पलीकडच्या गावच्या माणसाला द्यायची? आमच्या घरी दुसरं काय आहे? गायकी गेली की वहिनी माहेरी जाणार आणि मी कुठेतरी मजुरीला.

सगळ्यांत म्हातारे पत्रूबाबा म्हणाले, "पोरा, तुयं डोकं गरम हाये. ढोराले थंडं डोकं लागते. आठ दिवस पाहतो. एक जरी ढोर मांगं राह्यलं तं मले बोलू नोको."

सात दिवस नीट गेले. आठव्या दिवशी दगडावर आपटून एका गोऱ्ह्याची घंटा फुटली. दोन तुकडे हातात घेऊन मी तिथेच बसलो. भावाच्या हातची आता नवीन होणार नव्हती. बाकीच्याही अशाच एकेक फुटतील, हरवतील! उठलो आणि पळत पळत, ज्या ढोरांच्या गळ्यात घंटा होत्या त्या सगळ्या सोडल्या. तेवीस भरल्या. पोत्यात नीट घातल्या, तोंड बांधलं. जन्मात पहिल्यांदा शहाणपणाचं काम केलं असं वाटलं.

दुपारी ढोरं बांबूच्या रानात शिरली आणि जंगल गप्प झालं. कुठे काळी, कुठे गोरी, काही कळेना. ओरडलो, शिट्ट्या मारल्या, भावाला शिव्या दिल्या. दिवस कलायला लागला. एकही ढोर दिसेना.

मग पोतं उघडलं, सगळ्या घंटा एका दोरात ओवल्या, दोर गळ्यात घातला आणि उड्या मारायला लागलो.

आधी एक म्हातारी गाय बांबूतून तोंड काढून पाहायला लागली. मग तिच्या मागून दोन गोऱ्हे. मग सगळीच! मी थांबलो की तीही थांबायची. म्हणून थांबलो नाही. दीड कोस रस्ता, गावापर्यंत, मी पुढे उड्या मारतोय आणि मागून पंच्याहत्तर ढोरं.

आखरावर सारं गाव उभं होतं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. पत्रूबाबा हसले नाहीत. त्यांनी बोट नाचवत ढोरं मोजली. पुन्हा मोजली. मग माझ्याकडे पाहिलं.

"उद्या ढोरं थोडं जल्दी सोडजो," म्हणाले. "जना जल्दी सोडे."

आमची गाय घेऊन मी घरी आलो. दोराची गाठ घट्ट बसली होती, सुटत नव्हती. घंटा ऐकून वहिनी दारात आली. गायीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. तेवीस घंटा, घामाचं तोंड, अंगभर धूळ. मी मान खाली घालून उभा राहिलो.

ती आत गेली. कोंड्याचं टोपलं भरून आणलं आणि गायीपुढे न ठेवता माझ्यापुढे ठेवलं.

"खाय," म्हणाली.