एकविसावा परिच्छेद

कोर्टातली मंडळी तिला 'घटनाबाई' म्हणायची, आणि त्यात कौतुक कमी, टवाळीच जास्त. बेचाळिसाव्या वर्षी कोर्टातली स्टेनो एलएल.एम.ला नाव घालते, तेही राज्यघटना हा विषय घेऊन, म्हणजे हिच्या डोक्यात शिरलं तरी काय, असं पुढच्या टेबलावरच्या कारकुनाने तिच्या तोंडावर विचारलं होतं. "आता निकाल तुम्ही द्यायचे बाई, आणि टाइप साहेबांनी करायचे," तो म्हणाला. तिने ते हसण्यावारी नेलं. वीस वर्षांच्या नोकरीत तिने दुसरं केलं काय होतं?

डोक्यात शिरलं होतं ते तिच्या बाबांचं प्रकरण. बाबा पाणीपुरवठा खात्यात पंप चालवायचे, एकतीस वर्षं. एके दिवशी कामावर गेले तर फाटकावरच्या माणसाने हातात कागद ठेवला, उद्यापासून येऊ नये म्हणून. चौकशी नाही, नोटीस नाही, 'तुमचं काय म्हणणं आहे' एवढं विचारण्याची तसदीसुद्धा नाही. पंपाचा एक भाग चोरीला गेला होता हे खरं, पण त्या दिवशी पाळी दुसऱ्याचीच होती. हे सांगायचं कुणाला? कोर्टात जा म्हणणारे ढीगभर होते, सोबत येणारा एकही नव्हता. मग बाबा खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले ते बसलेच. आपलं उत्तर त्यांनी मुद्द्यांसकट तयार ठेवलं होतं. ते त्यांच्याकडेच राहिलं, कारण प्रश्नच आला नाही.

नऊ वर्षांपूर्वी अगदी असंच एक प्रकरण तिच्या साहेबांपुढे आलं. बसच्या कारखान्यातल्या एका फिटरला असंच न विचारता घालवलं होतं. साहेब चेंबरमध्ये हात मागे बांधून येरझारा घालत निकाल सांगायचे आणि ती लघुलिपीत उतरवून घ्यायची. त्या दिवशी एकविसाव्या परिच्छेदाला ते थांबले, खिडकीबाहेर बघत राहिले आणि म्हणाले, "लिहा. गप्प राहणं हेही उत्तर असतं. पण ते उत्तर धरण्याआधी त्या माणसाला प्रश्न विचारलेला असला पाहिजे. ज्याला विचारलंच नाही, त्याला राज्याने माणूसच मानलं नाही." तिची पेन्सिल चालत होती आणि डोळे भरून येत होते.

चेंबरमधलं चेंबरमध्येच राहिलं पाहिजे, सहीआधीचा एक शब्दही बाहेर फुटता कामा नये, अशी स्टेनोंना शपथच असते. ती तिने जन्मात एकदाच मोडली, त्याच संध्याकाळी. बाबांनी ते वाक्य तीनदा म्हणून घेतलं, तिच्याकडून कागदावर लिहून घेतलं आणि घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवलं. "न्यायाधीश म्हणाले असं?" एवढंच त्यांनी विचारलं. आणि तिने लघुलिपीची ती वही जमा न करता कपाटात टॉवेलांखाली सारली.

ते वाक्य बाबांच्या डबीत कुजू नये, पुस्तकात जावं, म्हणून हा सगळा खटाटोप. शनिवार-रविवारचे वर्ग, अर्ध्या वयाच्या मुलींच्या शेजारी बसणं, दोनदा मुदतवाढ. प्रबंधाचा विषय तोच: ऐकून घेतलं जाण्याचा हक्क. एकशे चाळीस पानं झाली आणि अख्खा तिसरा अध्याय एकविसाव्या परिच्छेदावर उभा होता. याच महिन्यात नोंदणी संपत होती. तोंडी परीक्षेत घसरलं की पाच वर्षं पाण्यात. बाबांची तब्येतही तोळामासा झाली होती. "माझं वाक्य आहे ना त्यात?" ते रोज विचारायचे. ती रोज हो म्हणायची.

परीक्षा दुपारी होती. बाहेरून आलेले परीक्षक म्हातारे, सौम्य, अगदी सभ्य गृहस्थ. शेजारी तिच्या मार्गदर्शक मॅडम. परीक्षकांनी तिसरा अध्याय उघडला आणि तिचं वाक्य मोठ्याने वाचलं, सावकाश, कुठे थांबायचं ते ओळखून. तिला क्षणभर वाटलं, जिंकलं. मग त्यांनी निकालाची प्रमाणित प्रत तिच्यापुढे सरकवली.

"एकविसावा परिच्छेद जरा दाखवता का?"

एकविसाव्यात फिटरला कामावर परत घेण्याची तारीख होती. विसाव्यात काही नव्हतं, बाविसाव्यातही नव्हतं. वाक्य कुठेच नव्हतं.

मग तिला सगळं उमगलं. वाक्य उतरवलं त्या दिवशी मसुदा टाइप करून ती घरी गेली, त्याच रात्री बाबांच्या छातीत दुखलं आणि ती चार दिवस रजेवर होती. साहेब मसुद्यावर लाल पेन्सिल फिरवायचे, जड वाटलं ते उडवायचे. दुरुस्त प्रत दुसऱ्या स्टेनोने टाइप केली, साहेबांनी सही केली, निकाल गेला. आणि हिने? इतरांच्या निकालाचा शब्दन् शब्द तिने प्रमाणित प्रतीशी ताडून पाहिला होता. हा तेवढा पाहिला नाही. स्वतःच्या हाताने उतरवलेलं कोण ताडून बघतो? मॅडमनीही नाही पाहिलं; तिच्यावर विश्वास होता म्हणे. चीड येते ती या विश्वासाचीच. साहेब जाऊनही चार वर्षं झाली होती.

"हे वाक्य तुम्ही रचलंत का?" परीक्षकांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. "तुमचं काही म्हणणं असेल तर सांगा. आम्ही ऐकून घेऊ."

सांगण्यासारखं तिच्याकडे होतं की. कपाटात वही होती. पण ती वही पुढे केली की शपथ मोडली, सरकारी कागद घरी नेला, हेही पुढे आलं. मग नोकरी गेली, आणि गेलेल्या साहेबांनी खोडलेलं चव्हाट्यावर आलं. ती हातातल्या पेनाच्या टोपणाकडे बघत राहिली. परीक्षक खरंच थांबले, पाच मिनिटं तरी. मग त्यांनी लिहिलं: उमेदवारास संधी दिली, म्हणणं नाही. प्रबंध नामंजूर. सगळं नियमाला धरून झालं, बोट ठेवायला कुठे जागा नाही.

ती घरी आली तेव्हा बाबा खिडकीपाशीच होते.

"वाचलं का त्यांनी माझं वाक्य?"

"वाचलं. मोठ्याने वाचलं."

"मग? काय म्हणाले?"

खोटं बोलायचं तिने वाटेत ठरवलं होतं. पण तिचा धीर सुटला. "त्यांनी प्रत मागितली, बाबा. निकालाच्या प्रतीत ते सापडत नाही म्हणाले."

 बाबांनी चष्म्याची डबी उघडली, घडीवर विरलेला तो कागद काढला आणि तिच्या हातात ठेवला.

"एवढंच ना? ही घे की प्रत. उद्या नेऊन दाखव त्यांना," ते म्हणाले. "पण जपून ने. आणि परत आण, माझ्याकडे दुसरी नाही."