धाकट्या जावेचा सल्ला

दुकानदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणाचंही अडलं की सगळे धाकट्या जावेला विचारायचे. तिचं चपलांचं दुकान अगदी नवं, थोरलीचं शिवणाचं दुकान जुनं. थोरलीच्या पोटात दुखायचं. "काल आली आणि सगळ्यांची गुरू झाली," ती नवऱ्याला ऐकवायची.

शिवून झालेले कपडे न्यायला गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा तिनं नाइलाजानं ग्रुपवर विचारलं. जावेनं लगेच लिहिलं, "ताई, तयार कपड्याचा फोटो गिऱ्हाइकाला पाठवा."

तिनं पाठवले. संध्याकाळपर्यंत निम्मं कपाट रिकामं झालं.

"आता आभार मान तिचे," नवरा म्हणाला.

तिनं दोन ओळी लिहिल्या, पुसल्या आणि नुसता अंगठा पाठवला.

"उपयोग झाला ना ताई? बरं वाटलं," जावेचं उत्तर आलं.

ते वाचून थोरलीचा आणखीच जळफळाट झाला.