क्लच नसलेला ट्रक

माझी आत्या छत्तीस वर्षं एका कारखान्यात टर्नर होती. लेथवर लोखंड कातायचं, मापात आणायचं आणि पुढच्या टेबलावर सरकवायचं, हेच तिचं काम. लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणायची, "मापात बसणारा मिळाला नाही." कारखान्याच्या आवाजानं तिचे कान अर्धेअधिक गेले होते. त्यामुळे ती बोलायची मोठ्यानं आणि ऐकायची सोयीनं.

रिटायर झाल्यावर तिसऱ्याच आठवड्यात तिचे हात शिवशिवायला लागले. एक कपड्यांची बॅग आणि एक हत्यारांची पेटी घेऊन ती आमच्याकडे आली. पेटी उचलायला दोन माणसं लागली.

आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बाबांचा ट्रक सहा वर्षं उभा होता. बाबा काचा वाहायचे. दुकानांच्या दर्शनी काचा, माणसापेक्षा उंच. क्लच इतका अलगद सोडायचे की गाडी कधी हलली ते शेजारी बसलेल्याला कळायचं नाही. सगळी मदार त्या डाव्या पायावर. मग साखरेच्या दुखण्यात तोच पाय चिघळला आणि गुडघ्याखाली कापावा लागला. कृत्रिम पाय बसवला, बाबा हिंडूफिरू लागले, पण शेडकडे फिरकले नाहीत.

"बारक्या, किल्ली दे," आत्या म्हणाली. अठ्ठावन्न वर्षांच्या, शंभर किलोच्या माझ्या बाबांना बारक्या म्हणणारी जगात ती एकटीच.

"कशाला? भंगारात द्यायचाय तो."

"सहा वर्षं देतोच आहेस का?"

बाबांनी किल्ली आणून दिली.

आत्यानं इंजिनाचे हजारो भाग कातले होते, पण अख्खं इंजिन कधी उघडलं नव्हतं. चष्मा लावून ती माहितीपुस्तकाचं पान न् पान वाचायची आणि मग पाना हातात घ्यायची. सायलेन्सरच्या नळीतून पाणी आत गेलं होतं आणि तिसरा सिलिंडर गंजून पिस्टन जाम बसला होता. रोज सकाळी ती त्यात डिझेल आणि पातळ तेल ओतायची आणि लांब दांड्याच्या पान्यानं क्रँक फिरवून बघायची. बाराव्या दिवशी क्रँक बोटभर सरकली. ती इतक्या मोठ्यानं ओरडली की आई पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली.

मग घरभर इंजिन पसरलं.

"वन्सं, चहाच्या ट्रेमध्ये हे काय मांडून ठेवलंय?"

"व्हॉल्व्ह. बारा आहेत. हलवू नकोस, क्रमानं लावलेत."

"मला ट्रे हवाय!"

"व्हॉल्व्हना पण हवाय."

मी नोकरीच्या गावाहून शनिवार-रविवार यायची, तेव्हा दर खेपेला काहीतरी पुढे सरकलेलं असायचं. नवे लायनर आले, पिस्टन आले. क्रँक घासायला दिली होती, ती आत्यानं दोनदा परत पाठवली. "हाताला लागतंय," एवढंच कारण. बाबा शेडच्या दारात खुर्ची टाकून, रस्त्याकडे तोंड करून बसायचे. पण दर आठवड्याला खुर्ची थोडी थोडी आत वळत होती. एका रविवारी ते न राहवून म्हणाले, "ताई, हेडचे बोल्ट मधून आवळायला घे, मग कडेचे." आत्याला ते माहीत होतं. तरी ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंस."

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो. बाबा मात्र केबिनच्या उघड्या दारातून तेलाच्या दाबाचा काटा बघत होते. काटा हलत नव्हता, म्हणजे इंजिनात तेलच पोचत नव्हतं.

"बंद कर! ताई, बंद कर!"

इंजिनावर वाकलेल्या आत्याला ऐकूच गेलं नाही. बाबांनी कठड्याला धरलं, कृत्रिम पाय पायरीवर टाकला, स्वतःला वर ओढलं आणि इंजिन बंद केलं. सहा वर्षांनी ते केबिनमध्ये चढले होते, आणि हे त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आत्यानं इंजिनाखालची तेलाची टाकी उघडली. तेल खेचणाऱ्या नळीच्या जोडाला रबरी रिंगच नव्हती. ती निघाली आत्याच्या अॅप्रनच्या खिशातून. "छत्तीस वर्षं केसाएवढ्या फरकावरून लोकांशी भांडले, आणि रिंग खिशात!" ती हसता हसता डोळे पुसायला लागली. बाबाही हसले, पोट धरून.

दुसऱ्या खेपेला काटा झर्रकन वर गेला. आत्यानं इंजिनावर तळवा ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही. "सगळे सिलिंडर सारखे मारतायत," ती म्हणाली. तिचे कान तळहातात होते.

खरी अडचण पुढे होती. बाबा स्टिअरिंगवर बसले, क्लच दाबला, गिअर टाकला. पण कृत्रिम पावलाला पेडल कुठे धरतं ते कळेना. गाडीनं उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी कोपऱ्यातलं पिंप आडवं झालं. बाबा उतरले, घरात गेले आणि दोन दिवस शेडकडे फिरकले नाहीत.

आत्यानं त्यांची समजूत घातली नाही. तिसऱ्या दिवशी ती समोर जाऊन बसली. "तीन रस्ते आहेत. जुना गिअरबॉक्स दुरुस्त करू. नाहीतर सहा गिअरचा आणू. त्याचा क्लच हवेच्या दाबानं हलका होतो, पण असतोच. नाहीतर सिटी बसचा ऑटोमॅटिक. क्लचचं पेडलच नाही."

"तो काय ट्रक झाला? खेळणं झालं."

"काचेला धक्का नको असतो, बारक्या. तुझा डावा पाय हवाय, असं तिनं कधी सांगितलं तुला?"

 दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनीच विषय काढला, "चढाला दम टाकेल का तो?"

आम्ही तिघं जुन्या बसच्या भंगार अड्ड्यावर गेलो. भंगारवाल्यानं आधी नवा, चकचकीत गिअरबॉक्स दाखवला. आत्यानं मान हलवली. "ह्याला कॉम्प्युटर लागतो. आमचं इंजिन अडाणी आहे. तेलाच्या दाबावर चालणारा दाखवा." तसे दोन निघाले. आता बाबा पुढे झाले. "भरल्या गाडीनं उतार उतरताना खालच्या गिअरात धरून ठेवता येईल?" एकात येत होतं, दुसऱ्यात नाही. निवड बाबांनी केली.

बसचा गिअरबॉक्स आणि ट्रकचं इंजिन, दोघांची भोकं जुळणार कशी? मध्ये जोडपट्टी हवी. जाड लोखंडाची, गोल, आणि मध्य बिनचूक. आत्यानं जुन्या कारखान्यात जाऊन सुट्टीच्या दिवशी लेथ मागून घेतला. आजवर तिनं दुसऱ्यांच्या नकाशांवरून काम केलं होतं; हा नकाशा तिनं स्वतः कॅलेंडरच्या पाठीवर काढला. पहिली पट्टी केसभर चुकली, ती तिनं सरळ फेकून दिली. पुढच्या सुट्टीला दुसरी केली, ती बसली. मग मागच्या चाकांना फिरवणारा लांब शाफ्ट वीतभर कापून घेतला आणि गिअरबॉक्सचं तेल थंड ठेवायला रेडिएटरसमोर वेगळी जाळी लावली.

बाबांनी गाडी काढली ती हळूच. डावा पाय बाजूला, उजव्यानं ॲक्सिलरेटर. गल्लीच्या टोकाला जाऊन ते वळून आले, आणि थांबायचं सोडून दारावरून पुढे निघून गेले. अर्ध्या तासानं परतले. "जरा चढ बघून आलो," म्हणाले, आणि तोंड धुवायला निघून गेले.

नव्या लायसन्ससाठी परीक्षा झाली. तपासणाऱ्या बाईंनी दोनदा चढावर थांबवून गाडी पुन्हा काढायला लावली, मग विचारलं, "हे कुणी बसवलं?" बाबा म्हणाले, "आमच्या ताईनं," आणि मग कारण नसताना पुन्हा एकदा म्हणाले.

आता ते आठवड्यातून तीन दिवस काचा नेतात. मध्यंतरी गुडघ्याच्या दुखण्यानं घरी बसलेला एक ड्रायव्हर चौकशी करत आला. बाबांनी त्याला खुर्ची दिली आणि भार किती, चढ किती, गाडी कुठल्या साली घेतली, सगळं विचारून घेतलं. आत्या कॅलेंडरचं आणखी एक पान फाडत होती. कारखाना एक जुनं लेथ मशीन काढून टाकतोय, ते पुढच्या गुरुवारी आमच्या शेडमध्ये येईल. आणायला बाबाच जाणार आहेत.